समुद्राकाठची कलावाट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात ‘कलावाटे’चा ओझरता उल्लेख आला होता. चालता चालता ठिकठिकाणी थांबावे, पाहावे, हाताळावे अशा कलाकृतींची, लहानथोरांनी मिळून चालायची वाट, असा त्याचा अर्थ मी तेथे सांगितला होता. त्यावर पुण्यातून अपेक्षेहून अधिक पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांना ही वाट कोकणात, समुद्राकाठी करायची आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. हर्णैजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. दिवाळीच्या सुट्टीत तेथे येणाऱ्या कुटुंबांसाठी किनाऱ्यावर बारा थांब्यांची कलावाट करावी, असे मनात आहे. आमच्या सोसायटीतील वीस-पंचवीस जण येथेच चित्रे आणि प्रतिकृती तयार करून टेम्पोने पाठवण्यास तयार आहेत. सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, कोथरूड

ताई, तुमच्या सोसायटीचा उत्साह मला मोलाचा वाटतो, तरीही पहिली विनंती अशी आहे की टेम्पो भरू नका. कोथरूडमध्ये रंगवलेला मासा हर्णैच्या वाळूत नेऊन उभा केला, तर गावाच्या वाट्याला फक्त जागा देण्याचे आणि नंतर कचरा उचलण्याचे काम उरते. वाट गावाची व्हायची असेल, तर पहिला हात गावाचा लागला पाहिजे. म्हणून दिवाळीपूर्वी दोनदा तरी रिकाम्या हातांनी जा. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तेथे टोपल्यांपाशी बसलेल्या बायकांना विचारा, की पाहुण्यांच्या मुलांना तुम्ही कोणती एक गोष्ट दाखवाल. होडी रंगवणाऱ्याला विचारा, जाळे विणणाऱ्याला विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. सुरमई आणि बांगडा यांच्या अंगावरच्या खुणांतला फरक त्या बायका ज्या सफाईने सांगतात, तो कोणत्याही पुस्तकातल्या चित्रातून आपल्याला इतका नीट कळत नाही. ते बोलणे हाच तुमच्या वाटेचा कच्चा माल आहे. सोसायटीची मंडळी अवश्य न्या, पण गावातल्या मुलांच्या शेजारी बसून काम करण्यासाठी न्या. शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस एकत्र बसलात, तर पुण्यात दोन महिने खपून होणार नाही असे काम होईल.

दुसरी गोष्ट थांब्यांची. बारा थांबे फार होतात. वाट ठरवण्यापूर्वी चार-पाच वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन ती एकदा चाला, आणि त्याला पुढे राहू द्या. ते जेथे आपणहून थांबेल, वाकेल, काहीतरी उचलेल, तेथे खूण करा. माझा अनुभव असा आहे की वाळूत एक किलोमीटर हे लहान मुलासाठी पुष्कळ अंतर असते आणि सहा-सात थांब्यांपलीकडे त्याचे लक्ष टिकत नाही. एका थांब्यावरून पुढचा थांबा दिसावा किंवा त्याचा रंग तरी डोळ्यांत भरावा, म्हणजे मूल स्वतःच धावत पुढे जाते आणि ‘चल, चल’ म्हणून त्याला ओढावे लागत नाही.

प्रत्येक थांब्यावर आपण काही उभारलेच पाहिजे, असेही नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली तुम्ही पाहिली असेल. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातले खाद्य वेगळे करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. बिळाच्या तोंडापासून चहूकडे निघालेल्या त्या ओळी एखाद्या गृहिणीने ठिपके मोजून काढलेल्या रांगोळीसारख्या दिसतात. भरती आली की सगळे पुसले जाते आणि पुढच्या ओहोटीला खेकडे नव्याने मांडतात. अशा जागी जवळच बांबूची एक चौकट ठेवावी आणि तिच्यावर ‘येथे गुडघे टेकून पाहा, पाय देऊ नका’ एवढेच लिहावे. तो तुमच्या वाटेवरचा सर्वांत चांगला थांबा ठरेल.

आता दिवाळीविषयी. किनाऱ्यावरची वाट घड्याळावर नव्हे, तिथीवर चालते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब असा असतो की तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, पण आखणी करायला पुरतो. त्याप्रमाणे धनत्रयोदशीला दुपारी चारच्या सुमारास ओहोटी येते आणि लक्ष्मीपूजनाला, अमावास्येच्या उधाणामुळे, संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी खूप लांब जाते. ते दिवस वाटेसाठी उत्तम. मात्र पुण्याची माणसे तेव्हा घरी फराळात आणि पूजेत असतात. ती निघतात भाऊबीजेनंतर. भाऊबीजेला दुपारी दीडच्या सुमारास समुद्र भरलेला असतो आणि पूर्ण ओहोटी होते तेव्हा अंधार पडलेला असतो. त्यापुढे पंचमीला सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा ओहोटी मिळते. म्हणजे तुमची वाट भाऊबीजेनंतरच्या तीन-चार दिवसांत सकाळची असावी, आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकवावी. हे वेळापत्रक नकाशावरच छापा आणि छापण्याआधी बंदरावरच्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या नाखव्याला, दाखवून घ्या. मुलांना घेऊन चालायचे असल्यामुळे एक नियम कडक ठेवा : ओहोटी पूर्ण होण्याआधी दीड-दोन तास वाट सुरू करायची आणि भरती सुरू होऊन पाणी परत येऊ लागले की वाळूतले थांबे बंद करायचे.

परवानगीसाठी ग्रामपंचायतीकडे सर्वांत आधी जा आणि तहसील कार्यालय व महाराष्ट्र सागरी मंडळ यांना लेखी कळवा. भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत समाविष्ट आहे, त्यामुळे तेथे सिमेंट, पाया किंवा पक्के बांधकाम यांचा विचारही करू नये. समोरचा सुवर्णदुर्ग 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत ते नियंत्रित असते. गडावर काहीही नेऊ नका. किनाऱ्यावर एक रिकामी लाकडी चौकट अशी रोवा की तिच्यातून पाहिले असता सुवर्णदुर्ग नेमका चित्रासारखा बसेल. एक चौकट मोठ्यांच्या उंचीची आणि एक मुलांच्या उंचीची असावी. गड जेथे आहे तेथेच राहतो आणि थांबा तयार होतो.

प्रश्न : उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात टिकेल असे कोणते साहित्य वापरावे? आमच्या महिला मंडळाने कागदाच्या लगद्याचे मासे आणि थर्माकोलची गलबते करायचे ठरवले आहे. — एक वाचक, सहकारनगर

लगद्याच्या माशांविषयी मी जे सांगणार आहे, ते माझ्या चुकीतून शिकलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही शाळेच्या मुलांकडून लगद्याचे नऊ मासे करून घेतले, ते पोस्टर कलरने रंगवले आणि संध्याकाळी सुरूच्या बनात टांगले. रात्री दव पडले. सकाळी रंग ओघळून खालच्या वाळूवर निळे-तांबडे डाग पडले होते, पाच मासे ओले होऊन लोंबत होते, आणि उरलेल्या चारांपैकी दोन एक गाय शांतपणे चघळत होती, कारण आम्ही लगद्यात गव्हाच्या पिठाची खळ घातली होती. मुले शाळेच्या आवारातून ते पाहत होती. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहणे मला त्या दिवशी जड गेले. नारायण पेठेतले जुने बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. तुमच्यापैकी कोणाला ते आठवेलही. पण मोरचूद विषारी आहे. जेथे मुले हात लावणार आणि गुरे तोंड लावणार, तेथे ते चालणार नाही.

समुद्राकाठी साहित्याला चार शत्रू असतात : दव, मीठ, ऊन आणि वारा. लोखंडी तार आठ-दहा दिवसांत तांबड्या गंजाने भरते आणि तिची टोके मुलांच्या हाताला लागतात. रंगीत सॅटिनचे कापड ऊन लागून पंधरवड्यात फिके पडते. मोठा सपाट फलक वारा शिडासारखा भरून घेतो आणि खुंटासकट उलटतो; त्यामुळे फलक करायचाच असेल, तर त्याला मोठी भोके पाडावीत किंवा तो पट्ट्यांचा, जाळीदार करावा.

जे साहित्य त्याच हवेत वाढले आहे, ते त्या हवेत टिकते. बांबू घ्या, आणि बांधणीसाठी तारेऐवजी काथ्याचे सुंभ वापरा. सुंभ ओले झाले तरी खाऱ्या हवेत गंजण्यासारखे त्यात काही नसते. करवंट्या, नारळाची सोडणे, पोफळीच्या विऱ्या, म्हणजे तिच्या झावळ्यांच्या बुडाची रुंद आवरणे, मोडक्या होडीच्या फळ्या हे सगळे गावात मिळते. पोफळीची विरी पाण्यात भिजवली की चामड्यासारखी वळते आणि वाळली की त्याच आकारात राहते. तिच्यापासून मुखवटे, कासवाची पाठ, खेकड्याची नांगी फार सुबक होते. रंगासाठी गेरू, चुना आणि कोळशाची पूड घ्यावी. हे रंग दवाने थोडे उतरतील, पण उतरले तरी वाळूला आणि मुलांना अपाय होणार नाही, आणि सकाळी पुन्हा हात फिरवण्याचे काम गावातली मुले आनंदाने करतात. चुन्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, कारण तो डोळ्यांत गेला तर इजा होते. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याचे, तुकडे वजनासाठी उत्तम. प्रत्येक खांबाच्या बुडाशी दोन चिरे सुंभाने बांधले की खड्डा खणण्याची गरज बहुधा पडत नाही.

थर्माकोल मनातून काढून टाका. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. बंदी नसती, तरीही वाऱ्याने तुटलेला त्याचा एकेक दाणा थेट समुद्रात जातो आणि मासे तो अन्न समजून गिळतात. चमकीलाही हेच लागू आहे. नायलॉनची जुनी जाळी रंगाने फार सुंदर दिसतात आणि कोळीवाड्यात सहज मिळतात, तेव्हा ती वापरा. मात्र प्रत्येक तुकडा मोजून लावा आणि मोजून काढा, कारण सुटून पाण्यात गेलेले जाळे कोणाच्याही हातात नसताना मासे आणि कासवे पकडत राहते. झाडांना खिळे मारू नका.

प्रश्न : परदेशात शहरभर मांडलेल्या रंगीत गायी मी कामानिमित्त गेलो असता पाहिल्या होत्या. फायबरचे मोठे प्राणी करून, त्यांना प्रायोजक मिळवून, तसे कोकणात करता येणार नाही का? — एक वाचक, बाणेर

त्या प्रथेची सुरुवात 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाली आणि पुढच्याच वर्षी ती अमेरिकेत शिकागोला गेली. एकाच साच्यातल्या पुष्कळ गायी करायच्या, प्रत्येक गाय एका चित्रकाराला द्यायची, खर्च प्रायोजकाने उचलायचा आणि शेवटी लिलाव करून आलेला पैसा सामाजिक कार्याला द्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. मोठ्या शहरात हे चालते, कारण तेथे प्रायोजक, कार्यशाळा, क्रेन आणि रात्रीचा पहारा हे सर्व असते. कोकणातल्या गावात यातले काहीच नसते, आणि फायबरचा प्राणी तुटला की त्याचे करायचे काय, याला चांगले उत्तर नाही.

समुद्राकडे पाहून केलेल्या कामाचे उदाहरण हवे असेल, तर इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी किनाऱ्याकडे पाहावे. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी स्वतःच्या शरीराचे साचे घेऊन घडवलेले 100 ओतीव लोखंडी पुरुष तेथे सुमारे तीन किलोमीटरच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. भरतीला त्यांतले कित्येक बुडतात, ओहोटीला पुन्हा वर येतात. कुटुंबे त्यांच्या शेजारी उभी राहून उंची मोजतात, कोणी त्यांना टोपी किंवा मफलर घालते. त्या कामाचा अर्धा भाग समुद्रच करतो. लोखंडाची नक्कल आपण करू नये. पण भरती-ओहोटीला कामात सामील करून घेण्याची कल्पना एका बांबूवरही उतरते. ओल्या पट्ट्याच्या कडेला एक उंच बांबू चिऱ्यांनी पक्का करून उभा करा, त्यावर गेरूने पट्टे ओढा, आणि पाणी किती चढले हे मुलांना दर अर्ध्या तासाने खडूने नोंदवू द्या. उधाणाच्या दिवशी आणि भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या, भरतीला होणाऱ्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

पैशाविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रवेश विनामूल्य ठेवावा. नकाशा वीस रुपयांना विकावा, तो गावातल्याच मुलांनी काढलेला असावा आणि विक्री शाळेच्या नावे जमा व्हावी. वाटेच्या शेवटी सोलकढी, घावणे, आंबोळ्या विकणाऱ्या बायकांची जागा आधीच ठरवून ठेवावी. प्रायोजकाचा फलक किनाऱ्यावर एकदा लागला की पुढच्या वर्षी तो मोठा होतो.

प्रश्न : माझ्या मुलीला दिसत नाही आणि सासूबाई चाकाच्या खुर्चीत असतात. अशा ठिकाणी आम्ही दोघींना घेऊन जातो तेव्हा बहुतेक वेळ बाकावर बसून काढतो. या वाटेत आमच्यासाठी काय करता येईल? — एक वाचक, बिबवेवाडी

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि वर कोथरूडच्या ताईंना लिहिलेल्या उत्तरात ही गोष्ट आधीच यायला हवी होती, असे मला वाटले. आखणीनंतर सोय जोडली की ती नेहमी एका कोपऱ्यात जाते. म्हणून वाट आखणाऱ्यांनी निम्मे थांबे वाळूत न ठेवता कडेच्या पक्क्या रस्त्यालगत ठेवावेत, जेथे खुर्ची थेट कलाकृतीपर्यंत जाईल आणि गुडघ्यांना पुढे जागा मिळेल. मऊ वाळूत खुर्चीची चाके रुततात. ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू पुष्कळ बरी असते, पण तेथवर पोहोचण्यासाठी मधल्या मऊ पट्ट्यावर सुंभाने एकमेकींना बांधलेल्या फळ्या अंथराव्या लागतात. हे काम चार माणसांचे आणि एका सकाळचे आहे.

तुमच्या मुलीसाठी मी एक गोष्ट सुचवते, आणि ती सगळ्याच मुलांना आवडते. कागदाखाली नाणे ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि छाप उमटवायचा, हा खेळ आपण सगळे लहानपणी खेळलो आहोत. प्रत्येक थांब्यावर लाकडी फळीचा वहीएवढा तुकडा असावा आणि त्यावर एकेक आकृती उठावदार कोरलेली असावी : बांगडा, कुर्ली, शंख, होडी, दीपगृह. डोळस मुले त्यावर कागद ठेवून छाप घेतील आणि वाटेच्या शेवटी त्यांची स्वतःची वही तयार होईल. तुमची मुलगी तीच आकृती बोटांनी पाहील, आणि ती बहुधा इतरांच्या आधी सांगेल की माशाच्या शेपटीजवळ खवले बारीक होत जातात. फळीची उंची जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास ठेवली, तर लहान मुले आणि खुर्चीतल्या आजी, दोघांचेही हात तेथे पोहोचतात. आवाजाचाही एक थांबा असावा. शिंपल्यांच्या माळा, करवंट्या, पोकळ बांबू वाऱ्यावर टांगले की वाट कोठे वळते, हे कानांनाही कळते. जाण्यापूर्वी आयोजकांना पत्र लिहा आणि वाट तपासायला तुम्ही तिघी सर्वांत आधी जा. तुमच्या सूचना त्यांच्या उपयोगी पडतील.

प्रश्न : आम्हाला आंजर्ल्याच्या बाजूला रात्रीची, दिव्यांची कलावाट करायची आहे. कंदील, रंगीत झोत आणि संगीत असावे, असा विचार आहे. — एक वाचक, औंध

किनाऱ्यावर तरी हे करू नका. आंजर्ले, वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालण्यासाठी रात्री वाळूत येतात. उजेड आणि हालचाल दिसली की मादी अंडी न घालता परत फिरू शकते. पुढे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात तेव्हा ती क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे चालू लागतात. नैसर्गिक अंधारात ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर दिवे लावले की ती आपल्या कंदिलांकडे येतात. वेळासला 2002 पासून गावकरी आणि कार्यकर्ते यांनी घरटी राखून हे काम उभे केले आहे, आणि आपल्या एका रात्रीच्या हौसेने त्याला धक्का लागता कामा नये.

दिव्यांची हौस गावाच्या आत, मंदिराच्या प्रांगणात किंवा शाळेच्या पटांगणात भागवता येते, मात्र ती जागा किनाऱ्यावरून दिसणारी नसावी. त्याऐवजी पहाटेची वाट करून पाहा. रात्री वाळूवर कोण कोण येऊन गेले, हे मुलांना पावलांच्या ठशांवरून ओळखू द्या : कासवाच्या वल्ह्यांचा दोन्ही बाजूंनी ओढत गेलेला माग, कुत्र्याचे पंजे, खेकड्यांची टिंबे, बगळ्याची पुढे तीन आणि मागे एक अशी बोटे. हे ठसे गेरूने मोठ्या विऱ्यांवर काढून ओळीने मांडले की शोधाचा खेळ तयार होतो. कासवाचा ताजा माग दिसला, तर त्यावरून चालू नये, फोटोसाठी फ्लॅश वापरू नये आणि गावातल्या कासव राखणाऱ्यांना ताबडतोब कळवावे.

आणखी दोन पत्रांत वाट किती महिने ठेवावी, असे विचारले आहे. दिवाळीची वाट आठ-दहा दिवसांत उतरवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत केली, तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे काढून घ्यावे, कारण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढल्या जातात आणि किनाऱ्यावरची मोकळी जागा गावाला त्यांच्यासाठी लागते. कोरलेल्या फळ्या शाळेला द्याव्यात, चिरे ज्याचे त्याला परत करावेत, विऱ्या आणि काथ्या माडांच्या आळ्यांत टाकावा, आणि जाळ्यांचे तुकडे यादीप्रमाणे मोजून कोळीवाड्यात पोहोचते करावेत.